हेरोदाचा हात

आमच्या घरात आवाज आधी यायचा आणि मार मागून. आईच्या हातात मनगटापासून वर भरगच्च काचेच्या बांगड्या असत. हात उगारला की त्या सर्रकन कोपराकडे घसरत, आणि तेवढ्या आवाजावर मी आणि माझी धाकटी बहीण लिली डोकं खांद्यात घालायचो. आजही लग्नघरात कुणा बाईनं पदर सावरायला हात वर केला तर माझी मान आखडते. शेजारी बसलेली बाई विचारते, मानेला पट्टा का नाही लावत हो? मी म्हणते, लावते कधीकधी.

मारायची म्हणजे कशी, हे सांगायलाच हवं. आमच्या पिढीत मार सगळ्यांनीच खाल्ला आणि आता म्हातारपणी सगळे तो कौतुकानं सांगतात. ‘आमची आई काय धुवायची!’ म्हणून खो खो हसतात. त्या हसण्यात मी कधी सामील झाले नाही, कारण माझ्या आईच्या मारात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. हाताला लागेल ते ती उचलायची. उलथनं, चप्पल, ओल्या धोतराचा पिळा, आणि सगळ्यात जास्त चुलीपाशी पडलेली लोखंडी फुंकणी. दूध उतू गेलं म्हणून मारायची, आणि उतू जाऊ नये म्हणून मी चुलीपाशी उभी राहिले तर मध्ये मध्ये करते म्हणून मारायची. नळावर भांडण झालं तेव्हा तिनं शेजारणीची भरलेली घागर हिसकून तिच्याच पायावर आपटली. त्या बाईचा अंगठा कायमचा वाकडा झाला. कोंबडी कापायला आमच्याकडे पुरुष लागत नसे. आई ती गुडघ्याखाली दाबायची, मान एका घावात उडवायची आणि धड अंगणभर फडफडू द्यायची. भिंतीवर उडालेले शिंतोडे मी ओल्या फडक्यानं पुसायचे.

तिच्यावर काही गुजरलं होतं का, असं माझ्या शिकलेल्या मैत्रिणी हळुवार आवाजात विचारतात. मला माहीत नाही. मी शोधलंही नाही. कारण सापडलं असतं तर वळ कमी दुखले असते असं मला वाटत नाही.

बाबा कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या जिनिंगमध्ये फिटर होते. आमच्या नांदुऱ्याला कापूस यायला लागला की जिनचा भोंगा दिवसरात्र वाजायचा, गाड्यांची रांग रेल्वे फाटकापर्यंत लागायची आणि घराघरातले पुरुष दुप्पट पाळीवर जायचे. बाबा घरी यायचे ते भुवयांत आणि कानांच्या केसांत कापूस घेऊन. बसायचे, जेवायचे, भिंतीकडे तोंड करून आडवे व्हायचे. त्यांच्या समोर आम्हाला मार बसला तरी ते ताटातली भाकरी मोडत राहायचे. भाकरी मोडण्याचा त्यांचा वेग मात्र वाढायचा. तेवढंच काय ते त्यांचं बोलणं.

आणि तरी आमच्या चर्चच्या मंडळीत आईसारखी प्रार्थना कुणाला येत नव्हती. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात ती डोक्यावर पदर घेऊन गुडघे टेकायची आणि देवाशी असं बोलायची की ऐकणाऱ्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या. आजाऱ्यांची नावं घ्यायची, परगावी गेलेल्यांची घ्यायची, ज्या बाईच्या पायावर घागर आपटली तिचंही घ्यायची. तिच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहायचं. मी एक डोळा उघडून तिच्या हाताकडे बघत असायचे. जोडलेला असला तरी तो हात मला जोडलेला वाटायचा नाही.

आगमनकाळ आमच्याकडे कापसाच्या ऐन हंगामात यायचा. नाताळाआधीचे चार रविवार. चर्चमध्ये पितळेच्या परातीत जिनमधून आणलेली सरकी भरायची, कडेनं कडुनिंबाचे डहाळे लावायचे, आणि सरकीत चार मेणबत्त्या खोवायच्या: आशेची, शांतीची, आनंदाची, प्रीतीची. दर रविवारी एक पेटायची. घरोघरी तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची आमटी, भरताची वांगी, आणि बेकरीत रवा-मैदा-तूप-साखर नेऊन आपल्या डोळ्यांदेखत भाजून आणलेली नानकटाई. सगळ्या वस्तीला तो वास यायचा. चर्चचे पाळकसाहेब सांगायचे, आगमनकाळ म्हणजे वाट पाहण्याचा काळ. येणारा येतो आहे, जागे राहा. ऐकताना मला वाटायचं, हे तर मी बारा महिने करते. आई नळावरून येते आहे, बाजारातून येते आहे, कोणत्या रागात येते आहे, हे तिच्या चपलेच्या आवाजावरून ओळखायचं आणि जागं राहायचं.

दुसऱ्या रविवारी, म्हणजे शांतीच्या रविवारी, भगिनी मंडळाचं नाटक असे. पुरुष सगळे जिनमध्ये, त्यामुळे राजे, ज्ञानी लोक, मेंढपाळ, शिपाई सगळ्या बायाच. आणि नाटक कोणतं, तर हेरोदाचं. बेथलेहेमातली लेकरं कापून काढणाऱ्या राजाचं. पाळकसाहेबांना ते पटायचं नाही. ते म्हणायचे, अहो, हेरोद गोष्टीत नंतर येतो, बाळ जन्मल्यावर. आणि शांतीच्या रविवारी कसली कापाकापी? पण नाटक बसवायच्या पाळकीणबाई, आणि त्या नवऱ्याला जुमानत नव्हत्या. त्या म्हणायच्या, ‘‘हेरोदाले आधी होऊन जाऊ द्या. त्याले मनात धरून नाताळ करता येते का?’’

हेरोद अर्थात माझी आई. तिच्याइतका मोठा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि खरं सांगायचं तर बायांना त्यात एक गंमत वाटायची. डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून केलेला मुकुट, पाळकसाहेबांच्या खुर्चीवर लाल चादर, आणि हातात राजदंड. त्या वर्षी जुन्या राजदंडाला वाळवी लागली म्हणून आईनं घरची फुंकणीच बेगड चिकटवून सोनेरी केली. बाया म्हणाल्या, काय अक्कल लढवली! मी आणि लिलीनं एकमेकींकडे पाहिलं.

मी अकरावीत होते, उंच होते, शाळेच्या कबड्डीच्या चमूत होते, म्हणून मला शिपाई केलं. लिली तिसरीत. ती बेथलेहेमातलं लेकरू. शिपायानं लाकडी तलवार टेकवली की तिनं पडायचं आणि मेलेलं राहायचं. एवढंच काम. पण लिलीला मेलेलं राहणं जमत नव्हतं. डोळे मिटले की तिला हसू फुटायचं. तालमीत पाळकीणबाई म्हणायच्या, ‘‘अवं पोट्टे, मेलेलं माणूस हासते का?’’ आणि मग सगळ्याच हसायच्या. आई मात्र सिंहासनावरून तिच्याकडे टक लावून बघायची.

आशेच्या रविवारी उपासना झाल्यावर आम्ही दोघी बेकरीतून नानकटाईचा डबा घेऊन आलो. उंबरठ्यावर लिलीचा पाय अडखळला आणि डबा अंगणात पालथा झाला. आई चुलीपाशी होती. बांगड्यांचा आवाज आला. लिलीनं डोकं खांद्यात घातलं, पण फुंकणी खालून आली आणि तोंडावर बसली. ओठ फाटला. पुढचा एक दात धुळीत पडला. लिली रडली नाही. ती खाली बसून मातीतल्या नानकटाया फुंकून फुंकून डब्यात भरायला लागली, आणि तिच्या तोंडातलं रक्त त्यांच्यावर ठिबकत होतं. आई म्हणाली, ‘‘त्या टाकून दे कोंबड्याईले.’’ आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडून चुलीत घालायला लागली.

मी बाबांना जिनच्या फाटकापाशी गाठलं. जेवणाचा डबा द्यायला गेले होते. आत यंत्रांचा असा धडधडाट होता की ओरडून बोलावं लागत होतं.

‘‘बाबा, लिलीचा दात पडला. आईनं फुंकणीनं मारलं.’’

‘‘दुधाचा होता का?’’

‘‘बाबा, तुमी काऊन नाही धरत तिचा हात?’’

त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. भुवयांतला कापूस पुसला. ‘‘निर्मले, म्या लग्नानंतर एकडाव धरला होता,’’ ते म्हणाले. ‘‘तिनं मले असं पाह्यलं का मंग माही हिंमतच नाही झाली.’’ आणि ते आत गेले.

मला त्यांचा आईपेक्षा जास्त राग आला. आजही, दोघं जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, हिशेब लावायला बसले तर बाबांचं पारडं जड होतं. पण त्या संध्याकाळी मी फाटकाजवळ उभी राहून एक गोष्ट ठरवली. आता ती लिलीवर हात उगारेल तेव्हा मी तो मोडणार. धरणार नाही, अडवणार नाही, मोडणार. मला ते येत होतं. चढाईला आलेल्या पोरीचं मनगट धरून पिळलं की ती जमिनीवर येते, आणि आणखी पिळलं की काय होतं ते आमच्या सरांनी बजावून सांगितलं होतं, ते करू नये म्हणून.

तो आठवडा मी जितकी प्रार्थना केली तितकी पुढे आयुष्यात केली नाही. सकाळी शाळेआधी चर्चमध्ये जायचे, परातीसमोर गुडघे टेकायचे आणि मागायचे: प्रभू, माझ्या मनगटात बळ दे. तिचं हाड माझ्या हातात मोडू दे. आवाज ऐकू येऊ दे. पाळकीणबाई झाडायला यायच्या, मला बघायच्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, ‘‘अशा पोरी पायजेत मंडळीत.’’ मी डोळे उघडत नसे. आत सतत काहीतरी उकळत असायचं, ताटातली भाकरी मी लिलीकडे सरकवायचे, आणि मला ते आवडत होतं. एवढा राग अंगात असला की माणूस एकटं नसतं.

शांतीच्या रविवारी दुपारी चर्च भरलं. शेजारच्या आळीतल्या बायाही नाटक बघायला यायच्या. परातीतल्या दोन मेणबत्त्या पेटल्या. पडद्याऐवजी धरलेली दोन लुगडी बाजूला झाली आणि आई सिंहासनावर दिसली. पत्र्याची कड कपाळात रुतून तिच्या भुवईवर रक्ताचा बारीक ओघळ आला होता, तो तिनं पुसला नव्हता. ‘‘कुठं आहे तो नवा राजा?’’ ती गरजली आणि पुढच्या रांगेतलं एक बाळ खरंच किंचाळून रडायला लागलं. लोक खूश झाले.

मी तलवार घेऊन बेथलेहेमात शिरले. बाया उशा कवटाळून आकांत करत होत्या. एकेक लेकरू पडत गेलं. शेवटी लिली. मी तिच्या छातीला तलवार टेकवली, ती पडली, डोळे मिटले. आणि लिलीला हसू फुटलं. ओठावरची खपली ताणली गेली, दाताच्या जागेची खिडकी दिसली, आणि मेलेलं लेकरू खुदुखुदु हसायला लागलं. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळं चर्च हसलं.

मला बांगड्यांचा आवाज ऐकू आला.

आई सिंहासनावरून उतरली तेव्हा लोक आणखी हसले, त्यांना वाटलं हा पुढचा भाग. तिनं पहिला फटका लिलीच्या पाठीवर घातला. लिलीनं अंगाचं गाठोडं केलं. दुसरा खांद्यावर. बेगड फाटून लोखंड दिसायला लागलं. आणि लोक टाळ्या वाजवत होते! ‘‘मेलेल्याले बी मारून राह्यला पाहा हेरोद!’’ एक बाई ओरडली. पाळकीणबाई लुगड्यामागून कुजबुजत होत्या, ‘‘एस्तेरबाई, हे नाही हाये नाटकात, एस्तेरबाई!’’ तिसऱ्यांदा फुंकणी वर गेली आणि मी तलवार फेकून आईचं मनगट धरलं.

‘‘हे नाटक नाही!’’ मी ओरडले. ‘‘ही खरंच मारून राह्यली! घरी बी अशीच मारते!’’

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिपाई राजावर उलटला, हे त्यांना फारच आवडलं होतं. मी त्या सगळ्या हसऱ्या, भरल्या डोळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. तिथे नळावरची ती वाकड्या अंगठ्याची बाईही होती. एकटी तीच टाळ्या वाजवत नव्हती. बाकी सगळं गाव समोर होतं आणि कुणालाही काही दिसत नव्हतं.

मी मनगट पिळलं. बांगड्या फुटल्या, काचा माझ्या तळहातात शिरल्या, आमचं दोघींचं रक्त एकमेकींच्या हातांवर आलं. फुंकणी खाली पडून घरंगळली. आई गुडघ्यावर आली. आणखी थोडंसं, आणि मी आठवडाभर मागितलेला आवाज आला असता. मला हाड बोटांखाली कळत होतं. ते माझ्या कल्पनेपेक्षा बारीक होतं. आई माझ्याकडे वर बघत होती. बाबांना तिनं पाहिलं तसं ती मलाही पाहील, अशी मी वाट बघितली. मग ती ओठ जेमतेम हलवत बोलली, फक्त मला ऐकू येईल इतकंच.

‘‘सोडू नको, पोरी. सुटला तं मी पुन्हा मारीन.’’

मी आता म्हातारी झाले. तीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकून रिटायर झाले, शेकडो पोरींना मनगट कसं धरायचं ते शिकवलं. शांती या विषयावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली. त्यांत शांती नेहमी वरून उतरते, पांढरी असते, मऊ असते. माझ्याकडे ती तशी आली नाही. ती आली तेव्हा माझ्या हातात काचा घुसल्या होत्या आणि मी आईला गुडघ्यावर आणलं होतं. आत जे आठवडाभर, खरं तर सगळ्या जन्मभर, उकळत होतं ते एकाएकी थांबलं. राग गेला नाही. तो होता, जागच्या जागी होता, पण त्याला आता काही करायचं उरलं नव्हतं. मी पिळणं थांबवलं. सोडलं मात्र नाही. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि तिचं मनगट तसंच धरून ठेवलं. तिची नाडी माझ्या बोटांवर धाडधाड उडत होती. तो हात मी जन्मापासून ओळखत होते, पण धरला कधीच नव्हता.

पाळकीणबाई शहाण्या होत्या. त्यांनी लुगडी ओढून घेतली आणि पेटीवालीला खूण केली. मंडळी उठून गायला लागली. लुगड्यांच्या मागे आम्ही तिघी खाली बसलो होतो. लिली माझ्या दुसऱ्या बाजूला चिकटली होती. वाकड्या अंगठ्याची बाई आत आली, तिनं आपल्या पदरानं लिलीचं तोंड पुसलं, फुंकणी उचलली आणि बाहेर नेली. गाणं संपलं, आशीर्वाद झाला, लोक पांगले, तरी मी मनगट सोडलं नाही. रेल्वेचं फाटक ओलांडून, बाजारातून, कापसाच्या गाड्यांमधून मी आईला तशीच घरी आणली. तिच्या डोक्यावर मुकुट तसाच होता. ओळखीच्या बाया म्हणत होत्या, ‘‘झकास झालं हो नाटक!’’ आई मान डोलवत होती.

पुढे तिनं कधीच हात उगारला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. उगारला. मी धरला. मी नोकरीला गेले तेव्हा लिली धरण्याएवढी झाली होती, आणि तिला मी ते शिकवून गेले होते. आईची प्रार्थना त्यानंतर आखूड झाली. मला ती जास्त आवडायची.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं आहे. घरी आल्यावर आई चुलीपाशी बसली. मी तिच्याजवळ बसले, मनगट हातात. तिनं डाव्या हातानं पऱ्हाट्या लावल्या, तवा ठेवला, परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं. मग थांबली. जिनचा भोंगा झाला. बाबांना यायला वेळ होता.

‘‘सोड आता,’’ ती म्हणाली. ‘‘एका हातानं भाकर नाही थापता येत.’’

लिली दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला कळत होतं की मी सोडलं तर तीही बघणार आहे पुढे काय होतं ते. मी आईच्या मनगटाकडे पाहिलं. माझी बोटं त्यावर लाल उमटली होती. मी एकेक बोट उचललं आणि हात सोडला.

आईनं तो पिठात घातला. मी उठून लांब गेले नाही. तिथेच, तिच्या हाताच्या टप्प्यात, तिच्याकडे पाठ केली आणि भिंतीला टेकले. लिली आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. मागे हात पडायला लागला, थप, थप, थप. मी डोकं खांद्यात घातलं नाही. चुलीची ऊब पाठीला लागत होती, आणि भाकरी तव्यावर पडायच्या आत मला झोप लागली.